ब्रिगेडियर म्हणजे नाईक

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीच्या तासाला सुद्धा आम्ही एकमेकींशी इंग्रजीतच कुजबुजायचो, आणि निबंधाच्या वहीवर बाई लाल पेनाने इतकं लिहायच्या की तो निबंध माझा की त्यांचा असा प्रश्न पडावा. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाची जी कत्तल झाली होती ती आमच्या मराठी विभागाच्या संपादकाने निस्तरली आहे. जी उरली असेल ती त्याची चूक. "कविता बावीस आल्यात, त्यातल्या सतरा पावसावर. लेख फक्त तीन. तू काहीही लिही," असं म्हणून त्याने मला कँटीनमध्ये स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घातला. (ही घटना ऐतिहासिक आहे, नोंद व्हावी.) काहीही म्हणजे काहीही ना? मग मी अशा एका माणसावर लिहितेय जो कधी जन्मालाच आला नाही.

त्याचं नाव एतिएन जेरार. हुद्दा ब्रिगेडियर. नोकरी नेपोलियनच्या घोडदळात. गाव फ्रान्समधला गॅस्कनी प्रांत, जिथली माणसं फुशारक्या मारण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आणि जन्मस्थळ, सर आर्थर कॉनन डॉयल यांचं डोकं. हो, तेच ते. शेरलॉक होम्सवाले.

एफ.ई.ला असताना डेक्कनच्या फुटपाथवर मला हे पुस्तक चाळीस रुपयांना मिळालं. लेखकाचं नाव बघून होम्सच असणार असं गृहीत धरलं आणि उचललं. रूमवर येऊन उघडते तर काय, ना खून, ना बेकर स्ट्रीट, ना वॉटसन. एक म्हातारा मिशीला पीळ देत स्वतःची तारीफ करतोय! चाळीस रुपये पाण्यात गेले म्हणून पुस्तक कपाटावर फेकलं. मग ग्राफिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री, जेव्हा माणूस अभ्यास सोडून जगातलं काहीही वाचायला तयार असतो, तेव्हा ते परत काढलं. पहाटे साडेतीनला संपलं. ग्राफिक्सचं काय झालं ते विचारू नका.

डॉयलसाहेबांना होम्सचा कंटाळा आला होता, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. डिसेंबर 1893 च्या 'स्ट्रँड' मासिकात त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यावरून गायब केलं. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर 1894 च्या 'स्ट्रँड'मध्ये जेरारची पहिली गोष्ट छापून आली. 1896 साली आठ गोष्टींचं पहिलं पुस्तक, 1903 साली आणखी आठ गोष्टींचं दुसरं, मध्ये 1897 च्या 'अंकल बर्नॅक' या कादंबरीत पाहुणा कलाकार म्हणून एन्ट्री, आणि 1910 साली त्याच्या लग्नाची एक शेवटची गोष्ट. तोवर होम्स परत आला होता आणि लोकांनी जेरारला विसरायला सुरुवात केली होती. बिचाऱ्याची सगळी सर्व्हिस एवढीच.

गोष्टी सगळ्या एकाच पद्धतीच्या. नेपोलियन कधीच गेला, साम्राज्य बुडालं, आणि हा म्हातारा कॅफेत वाईनचा पेला घेऊन बसलाय. भोवती तरुण पोरं. तो सांगतोय, पोरं ऐकतायत. त्याच्या मते संपूर्ण फ्रेंच सैन्यात त्याच्यासारखा घोडेस्वार नव्हता, तलवारबहाद्दर नव्हता आणि युरोपातली अशी एक बाई नव्हती जिने त्याला पाहून सुस्कारा सोडला नाही. आमच्या बॉइज हॉस्टेलमध्ये असे नग बरेच आहेत, पण फरक असा की जेरार खरंच शूर आहे. फक्त त्याला आपण किती हास्यास्पद दिसतो हे कळत नाही. ते वाचणाऱ्याला कळतं. गोष्ट तोच सांगतोय, तरी त्याच्या डोक्यावरून जे जातं ते आपल्याला दिसतं. हे डॉयलने कसं जमवलं ते मला अजून उलगडलेलं नाही.

नमुना म्हणून एक सांगते. पोर्तुगालमध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्यं समोरासमोर. जेरार हेरगिरीसाठी इंग्रजांच्या मुलखात घुसतो आणि परत येताना त्यांचाच एक झकास घोडा पळवतो. वाटेत इंग्रज अफसरांची कोल्ह्याची शिकार चालू असते. कुत्री पुढे, अफसर मागे. घोड्याला सवय शिकारीची, तो याला घेऊन त्यांच्यातच घुसतो. आता इंग्रजांच्या या खेळात कोल्ह्याला मारायचं काम कुत्र्यांचं असतं, माणसाने नुसतं मागे धावायचं. हे जेरारला कुठलं माहीत! तो सगळ्यांना मागे टाकतो, कुत्र्यांनाही मागे टाकतो आणि तलवारीच्या एका घावात कोल्ह्याचे दोन तुकडे करतो. मागे इंग्रज ओरडतायत, मुठी उगारतायत. याला वाटतं, वा! शत्रू असूनही काय दिलदार माणसं, माझं कौतुक करतायत! मरेपर्यंत त्याला असंच वाटत राहतं.

दुसरी गोष्ट डार्टमूरच्या तुरुंगाची. हा तुरुंग खरा आहे, इंग्रजांनी तो 1809 साली फ्रेंच युद्धकैद्यांसाठीच सुरू केला. जेरार तिथून पळतो. माळरान, काळोख, धुकं. दिशा कळावी म्हणून तो हुशारी करतो, वाऱ्याच्या अंदाजाने चालायचं. रात्रभर चालतो आणि शेवटी बघतो तर समोर तोच तुरुंग! मध्येच वारा फिरलेला असतो. मेकॅनिकलच्या मुलीला यापेक्षा चांगला धडा कोणी दिलेला नाही. रेफरन्स फ्रेम हलत असेल तर सगळं गणित बरोबर येऊन उत्तर चुकतं.

थोडं घोडदळाबद्दल, कारण माझ्याही डोक्यात घोडदळ म्हणजे धुरळा उडवत येणारी तोफांच्या तोंडावरची माणसं एवढंच होतं. नेपोलियनकडे घोडदळाचे प्रकार होते. छातीवर लोखंडी पत्रा बांधलेले, मोठ्या घोड्यांवरचे क्युरासिए हे शत्रूची फळी फोडायला. आणि जेरारसारखे हुसार हे हलकं घोडदळ. वाकडी तलवार, छातीवर दोरखंडांची नक्षी, डाव्या खांद्यावर उगाचच लटकवलेला फरचा दुसरा कोट. पण काम उगाच नव्हतं. पुढे जाऊन बातमी आणायची, निरोप पोचवायचा, पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करायचा. म्हणजे दिवस-दिवस एकटं किंवा चार-सहा जणांनी परक्या मुलखात फिरायचं. शिवकालातल्या आपल्या स्वारांचं काम वाचलं तर फार वेगळं नाही. आपल्याकडे सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, एवढं शाळेत चौथीला वाचलेलं मला आठवत होतं.

हुसारांचा खरा सेनापती लासाल म्हणायचा म्हणे, की तिशी उलटूनही जो हुसार मेला नाही तो बिनकामाचा. तो स्वतः 1809 साली वाग्रामच्या लढाईत चौतिसाव्या वर्षी गेला. आणि डॉयलला जेरार सापडला तो मार्बो नावाच्या एका खऱ्या अफसराच्या आठवणींत. त्या 1891 साली छापल्या गेल्या, मार्बो वारल्यावर बऱ्याच वर्षांनी. त्यात त्याची लिझेट नावाची घोडी आहे, ती 1807 च्या आयलाऊच्या लढाईत शत्रूच्या शिपायांना चावून फाडते आणि मालकाला बाहेर काढते. इतिहासकार म्हणतात मार्बोने बरंच मीठ-मसाला लावलंय. लावलं असेल. पण त्याच्या अंगावर जखमा होत्या, त्या काही मसाल्याच्या नव्हत्या.

आता मुख्य मुद्दा. मागच्या वर्षी मला एक शोध लागला. इंग्रजीत ब्रिगेडियर म्हणजे मोठा अफसर, हजारो माणसं हाताखाली. पण फ्रेंच घोडदळात 'ब्रिगादिए' म्हणजे कॉर्पोरल. दोन फितींवाला. डॉयलने इंग्रज वाचकांसाठी इंग्रजी अर्थाने शब्द वापरला, ठीक आहे. पण एखाद्या फ्रेंच माणसाने नुसतं नाव ऐकलं तर त्याला वाटणार, कॅफेतला हा म्हातारा कॉर्पोरल होता. आणि आपल्या सैन्यात कॉर्पोरलला काय म्हणतात? नाईक.

माझे आजोबा नाईक म्हणून रिटायर झाले.

आमचं गाव साताऱ्याकडे. तिकडे घराघरात फौजी असतो, त्यामुळे फौजी असण्याचं तसं काही अप्रूप नाही. पण आमच्या आबांचं वेगळं होतं. आबा घोडदळात होते. ते स्वतः तसं सांगायचे, गाव तसं म्हणायचं. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमलो की रात्री अंगणात बाज टाकून आबा गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच, दरवेळी थोडी वाढलेली. सिक्कीमचे डोंगर, पाऊस, रात्र. ओढ्याला पूर आलेला. आबांचा घोडा बादल, आणि बादलच्या पाठीवर जखमी कॅप्टनसाहेब. पुढे पूल डुगडुगतोय. मागून हवालदार ओरडतोय, जाऊ नको! आबा बादलच्या कानात काहीतरी सांगतात (काय ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, "ते त्याचं माझं") आणि बादल तीरासारखा सुटतो. ते पलीकडे टेकतात आणि मागे पूल धाडकन कोसळतो. इथे आबा बाजेवर थाप मारायचे आणि सगळ्यात धाकटा भाऊ दरवेळी दचकायचा.

मी नववीत होते. शाळेच्या क्विझ टीममध्ये होते, आणि क्विझ टीममधल्या मुलींना जे होतं ते मला झालेलं होतं, म्हणजे शिंगं फुटली होती. आमच्या तयारीच्या पुस्तकात होतं की भारतीय सैन्यात घोड्यावरची रेजिमेंट आता एकच, 61 वी कॅव्हलरी, 1953 साली उभी केलेली, मुक्काम जयपूर. त्या दिवाळीत मी आबांना सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, तुम्ही जयपूरला होता का?" आबा म्हणाले, "न्हाय, आम्ही सिक्कीमला." मी म्हटलं, "पण घोडदळ तर जयपूरला असतं." मोठा चुलतभाऊ म्हणाला, "तिथं मराठे पण घेतात, मी ऐकलंय." प्रकरण तिथे मिटू शकत होतं. मी उठले, आत गेले, आणि आजीच्या ट्रंकेतून आबांचं डिस्चार्ज बुक घेऊन आले. जुन्या पेन्शनच्या कागदांबरोबर ते असतं हे मला ठाऊक होतं. आणि इंग्रजी फाडफाड वाचता येणारी घरात मी एकटीच होते.

मी मोठ्याने वाचलं. आर्मी सर्व्हिस कोअर. ड्रायव्हर, अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट.

"म्हणजे काय गं?" आजीने विचारलं.

"म्हणजे खेचरं," मी म्हटलं. "सामान वाहणारी खेचरं."

काका पहिले हसले. मग सगळेच. आत्या म्हणाली, "अगं बाई, म्हणजे बादल खेचर होतं होय!" भावंडांनी तर डोक्यावर हात धरून कान करून दाखवले. आबाही थोडे हसले असं मला आठवतं, म्हणजे त्यांचा चेहरा तसा झाला. मग "म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलं" असं म्हणून ते उठून गोठ्याकडे गेले. रात्रीचे नऊ वाजले होते. म्हशीला त्या वेळी कोणी पाणी दाखवत नाही.

त्यानंतर आबांनी ती गोष्ट सांगितली नाही. कोणतीच सांगितली नाही. बाज अंगणात पडायची, आम्ही मोबाईल घेऊन बसायचो. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मी बरोबर होते ना! क्विझमध्ये बरोबर उत्तराला दहा मार्क असतात.

वाईट वाटायला चार वर्षं लागली, ग्राफिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री. जेरारच्या भोवती बसलेल्या त्या पोरांकडे माझं लक्ष गेलं. डॉयल त्यांना बोलूच देत नाही. म्हातारा म्हणतो मी असा आणि मी तसा, त्यांनाही कळत असणार की यातलं निम्मं फेकलेलं आहे. त्यांच्यापैकी एक जण जरी उठून म्हणाला असता, "आजोबा, सर्व्हिस रेकॉर्ड दाखवा," तर सोळा गोष्टींतली एकही झाली नसती.

या डिसेंबरात आबा अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्याला ऑपरेशन झालं आणि त्यांना घरी आणलं. पेपर संपल्यावर मी गावी गेले. आठ दिवस रात्री त्यांच्या खोलीत झोपायची पाळी माझी. आबांना झोप नाही, मला अकराच्या आधी झोपायची सवय नाही. बोलायला विषय नाही. तिसऱ्या रात्री मी बॅगेतून पुस्तक काढलं आणि म्हटलं, "आबा, एका फ्रेंच फौजीची गोष्ट सांगू?"

"सांग की."

माझं मराठी कसं आहे ते वर सांगितलंच आहे. त्यात इंग्रजी पुस्तक समोर धरून मराठीत सांगायचं म्हणजे कसरत. पेलिसला काय म्हणू, स्क्वाड्रनला काय म्हणू. पण दहा मिनिटांत लक्षात आलं की अडलं की आबाच शब्द पुरवतायत. मी म्हटलं घोड्याच्या पोटाचा पट्टा, ते म्हणाले तंग. तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, तोबरा. घोड्याला घासणं, खरारा. त्यांना चुकाही सापडायला लागल्या. "येवढा पळवल्यावर लगीच पाणी पाजलं? पोटात कळ येऊन मरंल की जनावर. तुझा फौजी कच्चा हाय." मी म्हटलं, पुस्तकात तसं नाहीये आबा, पाणी मीच घातलं. मग ते जोरात हसले, आणि खुबा दुखला म्हणून लगेच थांबले.

मी त्यांना ब्रिगेडियर आणि नाईक यांची भानगड सांगितली. ती त्यांना फार आवडली. त्यानंतर जेरारचं नाव 'तुझा नाईक' असं पडलं.

मग मी ती पहिली गोष्ट सांगितली, डिसेंबर 1894 ची. काळ 1814 चा, नेपोलियन हरत आलाय, शत्रू फ्रान्समध्ये शिरलाय. तो जेरारला बोलावतो आणि पॅरिसला भावाकडे पोचवायला एक पत्र देतो. वाट शत्रूच्या मुलखातून. जेरार व्हायोलेट नावाच्या घोडीवर निघतो. कोसॅक मागे लागतात, एका गावात तळघरात दारूच्या पिंपांमध्ये लपावं लागतं, जीव जाता जाता वाचतो, पण पठ्ठ्या पत्र पोचवतो. छाती फुगवून परत येतो. आणि नेपोलियन भडकतो! कारण पत्र खोटं होतं. ते शत्रूच्या हाती पडावं, शत्रू फसावा, म्हणूनच पाठवलेलं. जेरारची निवड झाली ती तो पकडला जाईल या खात्रीने. शेवटी नेपोलियनला त्याची दया येते, आणि डोकं जाड असलं तरी काळीज वाघाचं आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हणून तो त्याला मेडल देतो. मेडल कशाबद्दल ते जेरारला अर्धवटच कळतं.

मला वाटलं आबा हसतील. ते हसले नाहीत.

"पत्र खोटं हाय हे त्याला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"सांगत न्हाईत," आबा म्हणाले.

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मी लाईट बंद केला. आणि मग अंधारात त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्या शब्दांत लिहू शकत नाही, माझ्याकडे ते शब्द नाहीत.

ओढा खरा होता. पूर खरा होता. पूल होता, लाकडाचा. कॅप्टनसाहेब नव्हते. पाठीवर डाळीची पोती आणि रॉकेलचे डबे होते. ओळीने जनावरं चाललेली, आबांचं तिसरं. पहिलं पलीकडे पोचलं, दुसरं पुलाच्या मधोमध, आणि आबांचं खेचर पुलाच्या तोंडाशी थांबलं ते थांबलंच. मागून हवालदार शिव्या घालतोय. आबांनी ओढलं. मग काठी काढली. पाठीवर, मानेवर, तोंडावर मारलं. रक्त निघेपर्यंत मारलं. ते कान मागे पाडून उभं, पाय काही उचलेना. आणि पूल गेला. मधे जो होता तो माणूस आणि त्याचं जनावर पुलाबरोबर गेलं.

"घोडा असता तर गेला असता पुलावर," आबा म्हणाले. "घोड्याला मालकाची भीती. खच्चर मालकाला भीत न्हाय. त्येला वाट कळती."

मी विचारलं, त्याचं नाव काय होतं? बादलच का? ते म्हणाले, नाव नसतं. खुरावर नंबर असतो. मग त्यांनी नंबर सांगितला. साठ वर्षं होत आली असतील, पाच आकडे त्यांनी घडाघडा म्हटले. मी मोबाईलच्या उजेडात पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

"मग घोडा का म्हणायचात?"

"गावात खच्चरवाला म्हटलं की हसत्यात. त्ये हायच." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् खच्चर म्हटलं की मग फुडं मारलेलं सांगाया लागतं. तुम्ही बारकी पोरं."

मी सॉरी म्हटलं. त्या दिवाळीबद्दल. मराठीत सॉरीला शब्द आहे, पण तो माझ्या तोंडात बसत नाही, आणि आबांना सॉरी कळतं. ते म्हणाले, "कशाचं?" त्यांना आठवत नव्हतं असं नाही.

विषय बदलावा म्हणून मी त्यांना पेडोंगीबद्दल सांगितलं. ती मला नेटवर सापडली होती. 1962 साली भरती झालेली सैन्यातली खेचर. हीसुद्धा नुसता खुरावरचा नंबर होती, पेडोंगी हे नाव तिला फार उशिरा मिळालं. 1971 च्या युद्धात ती शत्रूच्या हाती सापडली, आणि काही दिवसांनी एकटीच परत आली, म्हणे पाठीवर शत्रूचीच मशीनगन आणि दारूगोळ्याच्या पेट्या घेऊन! सर्वांत जास्त सर्व्हिस केलेली खेचर म्हणून गिनेस बुकात तिचं नाव गेलं. जेरारने जरी ही गोष्ट कॅफेत सांगितली असती तरी पोरांनी एकमेकांकडे बघितलं असतं.

"आली असंल," आबा म्हणाले. "दाण्याची वेळ झाली की येणारच. चंदी आपल्याकडं चांगली."

पुढच्या रात्री त्यांनी स्वतःच विचारलं, "तुझ्या नाईकाचं फुडं काय झालं?"

मी त्यांना शेवटची मोहीम सांगितली. वॉटर्लू झालं, नेपोलियनला इंग्रजांनी सेंट हेलेना बेटावर नेऊन ठेवलं. काही वर्षांनी जेरारला जहाजावरून त्याला सोडवायला नेतात. रात्री तो एकटा बेटावर उतरतो, दबकत घरापर्यंत पोचतो, खिडकीतून बघतो. आत मेणबत्त्या आणि पलंगावर बादशहा, गेलेला. साल 1821. ज्याला सोडवायला आला तो आधीच सुटला होता. या एका गोष्टीत जेरार फुशारकी मारत नाही.

"मग त्यानं काय केलं?"

"सॅल्यूट केला आणि परत आला."

"बराबर," आबा म्हणाले. थोड्या वेळाने, "पेन्शन बसली का त्येला?"

"बसली. थोडीशी."

"लगीच?"

"ते पुस्तकात लिहिलेलं नाही, आबा."

"उशिरानंच बसली असणार," ते म्हणाले, आणि कूस बदलायला त्यांनी माझा हात मागितला.